पावसाळ्यात गोव्यासमोरच्या समुद्राचा श्वास का कोंडतो? आणि त्याचा युरियाच्या गोणीशी काय संबंध?

माझं गाव विसरवाडी, तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार. सुरत-धुळे महामार्गावरचं गाव. इथून समुद्र दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये उकाई धरण आणि अख्खं सुरत. तरी बाजाराच्या दिवशी समुद्र गावात येतो, वासानं. पोत्यावर मांडलेली सुकट, बोंबील आणि झिंगे विकणाऱ्या मावशींकडून आम्ही लहानपणापासून घेतो. मागच्या पावसाळ्यात भाव ऐकून मी जरा कुरकुरले, तर मावशी म्हणाल्या, "पावसात कुठून आणू ताई? समुद्रात बोटी नाहीत."

बोटी नाहीत हे खरंच. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. कारण आपल्याला माहीत असतं: माशांचा प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र. पण याच महिन्यांत लाटांच्या खाली आणखी एक गोष्ट सुरू होते, जी किनाऱ्यावर उभं राहून दिसत नाही. तळाजवळचा प्राणवायू संपत जातो. गोव्यासमोर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काही वर्षी तो इतका संपतो की पाण्याला सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो. आणि या सगळ्यात एक वायू तयार होतो, जो हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७३ पट जास्त उष्णता धरतो.

हा लेख त्या वायूबद्दल आहे.

खवळलेल्या समुद्रात प्राणवायू कमी कसा?

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हे उलटं वाटलं होतं. पाणी ढवळलं की त्यात हवा मिसळते, ही साधी गोष्ट. मत्स्यटाकीतला पंप तेच करतो. मग पावसाळ्यात, जेव्हा समुद्र सगळ्यात जास्त उसळतो, तेव्हाच प्राणवायू कमी का व्हावा?

उत्तर दोन भागांत आहे. एक भाग खालून येतो, दुसरा वरून पडतो.

खालचा भाग आधी. मोसमी वारे सुरू झाले की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह दक्षिणेकडे, म्हणजे मुंबईकडून केरळकडे वाहू लागतो. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्यानं ढकललेलं वरचं पाणी सरळ न जाता उजवीकडे सरकतं. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात पश्चिमेला येईल. म्हणजे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी खोल समुद्राकडे सरकतं, आणि ती जागा भरायला खालचं थंड पाणी उताराच्या कडेनं वर चढतं. याला शास्त्रज्ञ अपवेलिंग म्हणतात. मी इथे 'तळाचं पाणी वर येणं' असंच म्हणणार आहे, कारण मराठीत त्यासाठी केलेले शब्द पाणी वर येण्यापेक्षा जड आहेत.

आपल्याकडे हे काम फक्त स्थानिक वारा करत नाही. बंगालच्या उपसागरात उठलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबलचक लाटा श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्यानं वर येतात आणि थंड पाण्याचा थर उचलतात किंवा दाबतात. केरळमध्ये हे मे-जूनमध्येच सुरू होतं. गोवा आणि कोकणासमोर ते थंड पाणी जुलै-ऑगस्टमध्ये पोचतं.

आता हे वर येणारं पाणी कसलं आहे, ते महत्त्वाचं. अरबी समुद्राला उत्तरेला वाट नाही; इराण, पाकिस्तान आणि गुजरात यांनी तो बंद केलेला आहे. मधल्या खोलीतलं पाणी तिथे हळूहळूच बदलतं. वर भरपूर शेवाळ वाढतं, मरतं, खाली पडतं, जिवाणू ते खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. त्यामुळे साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतचा थर जगातल्या सगळ्यात कमी प्राणवायू असलेल्या समुद्री थरांपैकी एक आहे. किनाऱ्याकडे जे पाणी चढतं, ते असं आधीच दमलेलं असतं.

पावसाची साय

पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया इथेही तळाचं पाणी वर येतं. पण तिथले किनारे कोरडे आहेत. वर आलेलं पाणी थेट हवेला भेटतं.

आपल्याकडे मात्र वरून पाऊस पडत असतो. कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर किती पाऊस पडतो हे सांगायला नको. शिवाय मांडवी, झुआरी आणि सह्याद्रीतून धावत येणाऱ्या सगळ्या आखूड नद्या गोडं पाणी आणून ओततात. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं. पाच ते दहा मीटर जाडीचा हा थर समुद्रावर असा बसतो, जशी तापवलेल्या दुधावर साय. वर २७-२८ अंशांचं हलकं पाणी, आणि काही मीटर खाली २२ अंशांच्या आसपासचं खारट, जड पाणी. दोन्ही एकमेकांत सहज मिसळत नाहीत. वरच्या सायीला वारा लागतो, लाटा लागतात, ती उसळते. खालच्या पाण्यापर्यंत त्यातली फार थोडी हवा पोचते.

जुन्या घरांत धान्य साठवायला जमिनीत पेव असायचं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. झाकणाखाली धान्य श्वास घेत राहतं, प्राणवायू संपतो आणि आत गेलेला माणूस गुदमरतो. गोव्यासमोरचा समुद्र ऑगस्टमध्ये असंच पेव असतो: खाली सडणारं शेवाळ, वर पावसाचं झाकण.

आणि शेवाळ भरपूर असतं. तळाचं पाणी सोबत नायट्रेट आणि फॉस्फेट आणतं, म्हणजे समुद्राचं खतच. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर तारली आणि बांगडा पोसतात. केरळ ते कोकण ही जी मासेमारीची श्रीमंती आहे, तिचं मूळ या वर येणाऱ्या पाण्यात आहे. त्याच पाण्यामुळे जगणं आणि त्याच पाण्यामुळे गुदमरणं, अशी ही गोष्ट आहे.

हा गुदमरलेला पट्टा केवढा? पश्चिम किनाऱ्यावरच्या उथळ समुद्रात साधारण दोन लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख सात हजार. म्हणजे महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश. किनाऱ्यालगत नैसर्गिकरीत्या तयार होणारा, प्राणवायू कमी असलेला एवढा मोठा हंगामी पट्टा जगात दुसरा नाही, असं समुद्रशास्त्रज्ञ मानतात.

कांदोळीसमोरची बाटली

ही सगळी माहिती आपल्याला मिळाली ती गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेमुळे. ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम नुकतीच संपलेली असताना. १९९७ पासून संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कांदोळी किनाऱ्यासमोर एक जागा ठरवली: किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटर आत, खोली सुमारे २७ मीटर. त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचं, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी बाटलीत भरायचं आणि मोजायचं.

हे ऐकायला फार साधं वाटतं. पण एकाच जागी वर्षानुवर्षं मोजत राहणं ही विज्ञानातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे. एकदाच मोजलं तर कळतं की आज काय आहे. पंचवीस वर्षं मोजलं तरच कळतं की काही बदललं का. आणि नेमके जे महिने महत्त्वाचे, त्याच महिन्यांत छोट्या बोटीनं समुद्रात जाणं सगळ्यात अवघड.

प्राणवायू मोजायची पद्धतही मला फार आवडली. ती १८८८ सालची आहे, विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. बाटलीत हवेचा बुडबुडा न जाऊ देता पाणी भरायचं, त्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कली टाकायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत अनुमापनानं काढतात. बारावीला ब्युरेट धरून आपण जे केलं तेच, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब. पण ढोबळ उत्तर बोटीवरच डोळ्यांना दिसतं. एकाच जागेच्या पाण्याची एक बाटली तपकिरी, दहा-पंधरा मीटर खालची बाटली पांढरी.

आता तो वायू

प्राणवायू संपला की मासे पळतात किंवा मरतात. जिवाणू मात्र थांबत नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांना प्राणवायूशिवायही श्वास घेता येतो. त्यासाठी ते नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात. हे टप्प्याटप्प्यानं होतं: नायट्रेटचं नायट्राइट, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, त्याचं नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू, ज्यानं आपली ७८ टक्के हवा बनलेली आहे आणि जो कुणाचं काही वाईट करत नाही.

म्हणजे साखळी शेवटपर्यंत पूर्ण झाली तर काही बिघडत नाही. प्रश्न ती मध्येच तुटण्याचा आहे. शेवटचा टप्पा, नायट्रस ऑक्साइडचं नायट्रोजन करणारा, हा सगळ्यात नाजूक आहे. ते काम करणारं विकर थोडासा प्राणवायू आला तरी बंद पडतं. बाकीचे टप्पे चालू राहतात. मग माल तयार होत राहतो आणि पुढे जात नाही.

उथळ समुद्रात नेमकं हेच होतं. तळ २५-३० मीटरवर. एखाद्या दिवशी वारा जोरात आला, सायीला भोक पडलं, थोडी हवा खाली गेली. जिवाणूंचा शेवटचा टप्पा बंद. दोन दिवसांनी पुन्हा झाकण. असं सारखं चालू-बंद होत राहिल्यामुळे इथे नायट्रस ऑक्साइड साचतो, असं स्पष्टीकरण एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं.

त्यांचा शोधनिबंध नोव्हेंबर २००० मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यातले आकडे तेव्हा कुणी पाहिलेले नव्हते. हवेशी समतोल साधलेल्या समुद्राच्या पाण्यात जेवढा नायट्रस ऑक्साइड असायला हवा, त्याच्या ऐंशीपटींहून जास्त तो काही ठिकाणी अगदी पृष्ठभागावरच्या पाण्यात सापडला. किनाऱ्यालगतच्या खुल्या समुद्रात तोवर नोंदलेलं हे सर्वाधिक प्रमाण होतं. पुढे पेरूसमोर याहून मोठे आकडे मिळाले, पण तोवर एक गोष्ट ठरून गेली होती: समुद्रातल्या या वायूचा हिशेब करायचा तर फक्त खोल महासागर मोजून चालणार नाही, किनाऱ्याच्या या अरुंद पट्ट्या मोजाव्या लागतील.

हा वायू आपल्या ओळखीचाच आहे. दंतवैद्य वापरतात तो लाफिंग गॅस, तोच हा. पण हवेत गेल्यावर तो शंभरेक वर्षं टिकतो. वर स्थितांबरात पोचला की ओझोनच्या थरालाही खातो. आणि शंभर वर्षांच्या हिशेबानं एक टन नायट्रस ऑक्साइड म्हणजे २७३ टन कार्बन डायऑक्साइड.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून एका हंगामात किती निघतो? अंदाज फार रुंद आहे, साधारण साठ हजार टनांपासून चार लाख टनांच्या जवळपास. खालचाच आकडा धरला तरी २७३ नं गुणल्यावर १ कोटी ६४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. आणि हा पट्टा जगातल्या समुद्राचा जेमतेम अठराशेवा भाग. अंदाज एवढा रुंद का, तर वायू हवेत किती वेगानं सुटतो हे वाऱ्यावर अवलंबून असतं, आणि ज्या दिवशी वारा सगळ्यात जोरात असतो त्या दिवशी कुणी बोट घेऊन मोजायला जात नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. यातला बराचसा वायू निसर्गाचाच आहे. मोसमी वारे आहेत तेव्हापासून हे पाणी वर येत असणार. निसर्गातून निघणारा आणि निसर्गात संपणारा वायू समतोलात असतो. त्यानं पृथ्वी तापत नाही. काळजी असते ती वाढीची. मग खरा प्रश्न असा की आपल्यामुळे हे वाढलंय का.

गोणीचा हिशेब

नक्वींच्या निबंधाचं म्हणणं होतं की बहुधा हो. शेतातून आणि गटारातून वाहून येणारं जास्तीचं नायट्रोजन समुद्रातलं शेवाळ वाढवतं, ते सडताना जास्त प्राणवायू जातो आणि नायट्रस ऑक्साइड वाढतो.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आमचं शेत डोळ्यांसमोर आलं. युरियाची गोणी हल्ली ४५ किलोची असते, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. यातलं पिकाला लागतं ते निम्म्याहून कमीच. बाकीचं हवेत उडतं, जमिनीत मुरतं किंवा पहिल्या मोठ्या सरीबरोबर नाल्याला लागतं. नवापूरची रंगावली उकाईच्या जलाशयात तापीला मिळते आणि तापी सुरतच्या पुढे अरबी समुद्राला.

बातमी म्हणून हे फार छान दिसलं असतं: 'विसरवाडीचा युरिया गोव्याच्या समुद्राचा गळा दाबतोय.' पण ते खरं नाही. मध्ये उकाई धरण आहे, तिथे बरंच काही अडकतं. तापी जिथे मिळते तो खंबायतच्या आखाताकडचा समुद्र भरती-ओहोटीनं इतका घुसळला जातो की तिथे गोव्यासारखी साय टिकत नाही. आणि तळाचं पाणी वर येण्याचा जोर दक्षिणेकडे जास्त, गुजरातकडे कमी.

याहून मोठा आक्षेप आहे तो असा. सह्याद्री किनाऱ्याला चिकटून आहे. महाराष्ट्रातलं बहुतेक खत जिथे पडतं त्या शेतांतलं पाणी गोदावरी, कृष्णा, भीमा यांच्यातून पूर्वेला, बंगालच्या उपसागरात जातं. कोकण-गोव्याच्या नद्या आखूड आहेत, त्यांच्या खोऱ्यात उसासारखी खतखाऊ शेती फारशी नाही. त्यामुळे काही शास्त्रज्ञांचं मत असं आहे की पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्यात येणारं नायट्रेट मुख्यतः तळातूनच येतं आणि माणसाचा वाटा त्यामानानं छोटा आहे. हा वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे: पेव निसर्गानंच खणलेलं आहे, पण त्यात आणखी धान्य ओतण्याची आपली सवय बंद झालेली नाही. शहरांचं सांडपाणी आणि हवेतून पडणारं नायट्रोजन तर सह्याद्री अडवत नाही.

आणि गोणीतला नायट्रस ऑक्साइड हवेत जायला समुद्राची गरजच नाही. तेच जिवाणू, तीच साखळी शेतातल्या ओल्या मातीतही चालते. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबात ढोबळपणे असं धरतात की टाकलेल्या नायट्रोजनपैकी एक टक्का थेट नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. एका गोणीचं गणित करून पाहिलं: साधारण ३२५ ग्रॅम वायू, म्हणजे जवळजवळ ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. मोटारसायकलमध्ये ३८ लिटर पेट्रोल जाळल्यावर निघेल तेवढा. पाणी भरलेल्या भातखाचरात हे प्रमाण कमी असतं, कारण तिथे साखळी शेवटपर्यंत जाते. गोव्याच्या समुद्रात प्राणवायू पूर्ण संपल्यावर जे होतं तेच.

हो, हे सांगायचं राहिलं. समुद्रात प्राणवायू पूर्ण संपला की नायट्रस ऑक्साइड वाढत नाही, उलट खाल्ला जातो. सगळ्यात वाईट अवस्था अर्धवटपणाची. नायट्रेटही संपलं की जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला म्हटलं तो सडक्या अंड्याचा वास त्याचाच. तो विषारी आहे. तिथे मग ना मासा, ना कोळंबी, ना तळातला किडा.

२०१५ पासून देशात युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं आवरण सक्तीचं झालं, ते आपल्याला काळाबाजार थांबवण्याचा उपाय म्हणून माहीत आहे. पण निंबोळीमुळे मातीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करण्यात मंदावतात. नायट्रेट सावकाश बनलं की पिकाला ते घ्यायला वेळ मिळतो आणि वाहून जाणारं व उडणारं कमी होतं.

कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनचं काय?

थोडक्यात सांगते. तळातून येणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, कारण प्राणवायू वापरला गेला तिथे तो तयार झालेला असतो. जगातला समुद्र एकूण हा वायू शोषतो, पण अरबी समुद्र वर्षभराचा हिशेब केला तर तो बाहेर सोडतो. हे पाणी थोडं जास्त आम्लही असतं, ज्याचा त्रास शिंपल्यांना होऊ शकतो.

मिथेनबाबत मला वाटलं होतं तसं निघालं नाही. प्राणवायू नाही म्हणजे गोबरगॅसच्या टाकीसारखं मिथेन भरपूर, असा माझा समज. पण समुद्राच्या पाण्यात सल्फेट इतकं असतं की मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंची पाळीच उशिरा येते, आणि गाळाच्या आत खोलवर जो बनतो त्यातला बराच वर येईपर्यंत दुसरे जिवाणू खाऊन टाकतात. किनाऱ्याजवळच्या पाण्यात तो हवेपेक्षा जास्त असतो खरा, पण त्यातला मोठा वाटा खाड्यांतून आणि खारफुटीच्या चिखलातून येतो. नायट्रस ऑक्साइडसारखा विक्रम इथे नाही.

माशांना हे आधीच माहीत होतं

आणि मासे धरणाऱ्यांनाही. १९५९ मध्ये 'नेचर'मध्येच कॅरुथर्स, गोगटे आणि इतरांचा निबंध आला होता, मुंबईसमोर कमी प्राणवायूचा थर उतारावरून किनाऱ्याकडे कसा चढतो आणि त्याचा मासेमारीवर काय परिणाम होतो यावर. त्याच काळात कार्ल बान्से हे जर्मन शास्त्रज्ञ कोचीसमोर काम करत होते. तळाला राहणारे मासे पावसाळ्यात तिथून नाहीसे होतात आणि त्याचा संबंध या पाण्याशी आहे, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे प्राणवायूचं कोडं आधी माशांमुळे सुटलं, वायूचा हिशेब चाळीस वर्षांनी आला.

दरवर्षी हे सारखंच होत नाही. कांदोळीच्या नोंदी आणि संगणकी प्रारूपं एकत्र करून २०१७ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. हिंदी महासागरात काही वर्षी आफ्रिकेकडची बाजू जास्त तापते आणि इंडोनेशियाकडची थंड राहते. पावसाच्या बातम्यांत 'इंडियन ओशन डायपोल पॉझिटिव्ह' असं आपण ऐकतो ते हेच. अशा वर्षी आपल्या किनाऱ्यासमोर थंड पाण्याचा थर खालीच दाबलेला राहतो आणि प्राणवायू पूर्ण संपण्यापर्यंत वेळ येत नाही. १९९७ असंच वर्ष होतं, म्हणजे कांदोळीची मोजणी सुरू झाली तेच. एवढ्या एका वर्षावरून निष्कर्ष काढला असता तर सगळं ठीक आहे असं वाटलं असतं.

पुढे काय होईल हे सांगणं म्हणूनच अवघड आहे. समुद्र तापतो आहे, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वरचा थर जास्त तापला की साय आणखी घट्ट होते. पण त्याच घट्टपणामुळे खालचं खत वर यायला अडथळा होतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं की पश्चिम हिंदी महासागरात सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटल्या. शेवाळ कमी म्हणजे सडणं कमी, पण मासेही कमी. कुठला परिणाम कुठे जिंकेल, हे किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळं असू शकतं, आणि ते कळायला कांदोळीसारख्या एका नाही, बऱ्याच जागा लागतील. रत्नागिरी किंवा मालवणसमोर अशी पंचवीस वर्षांची सलग नोंद असती तर आज महाराष्ट्राच्या मच्छीमारांना काही ठोस सांगता आलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

सप्टेंबरअखेर पाऊस उघडतो. नद्यांचं पाणी ओसरतं, साय पातळ होते. नोव्हेंबरपर्यंत किनाऱ्यालगतचा प्रवाह दिशा बदलून उत्तरेकडे वाहू लागतो आणि वर चढलेलं थंड पाणी परत खाली उतरतं. विसरवाडीच्या बाजारात नव्या हंगामाचे बोंबील येतात, मावशी भाव थोडा उतरवतात. आणि कांदोळीसमोर तळातून वर काढलेल्या बाटलीत साका पुन्हा तपकिरी बसू लागतो.